डोक्याच्या मागची जागा

बेडसोर म्हटलं की अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस डोळ्यांपुढे येतं आणि नजर माकडहाडाकडे जाते. अत्यवस्थ बाळात आधी बघावी ती डोक्याची मागची बाजू. अंगाच्या मानाने डोकं मोठं, निजल्यावर भार तिथेच. शिवाय नाकातली नळी, बोटावरचा प्रोब, सलाइनच्या हाताला बांधलेली पट्टी यांचाही दाब. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या, लहान मुलांच्या ब्रेडन मोजपट्टीत 2018 साली या उपकरणांचाही हिशेब धरला गेला. तो धरायलाच हवा होता.

शहापूर-मुरबाडच्या वाडीवरचं कुपोषित मूल ठाण्या-मुंबईला हलवताना सगळा वेळ एकाच अंगावर असू शकतं. जीव वाचवायच्या घाईत कातडीचं काय, असं कुणी म्हणेल. पण उघडी जखम जंतूंना वाट देते, आणि घाई त्याच जिवासाठी असते. मोजपट्टीचा नुसता तक्ता भरून जखम टळत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. गुण द्यायचे म्हणून सिस्टर पट्टी सैल करून खालची कातडी पाहते, खरा लाभ त्या पाहण्यात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. ऊब, कडकपणा बोटांनी चाचपावा लागतो. रेफरच्या चिठ्ठीत कातडीसाठी एक ओळ ठेवा.