खुराड्याचे दार

तीस-बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात आणि फेरफार नोंदवण्यात गेल्यावर, रत्नागिरीकडच्या आमच्या जुन्या घराच्या परसात स्वतःच्या हातांनी काहीतरी उभे करावे, अशी इच्छा मला निवृत्तीनंतर झाली आणि तिचे पहिले फळ म्हणजे सात गावठी कोंबड्यांचे खुराडे. पडक्या मांगराचे फणसाचे वासे हाताशी होते, मंगळुरी कौले होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि या कौलांची परंपरा सुरू झाली. तिची ही जीर्ण शाखा आता कोंबड्यांना छत्र देणार, याचे मला विलक्षण कौतुक वाटले. कोंबड्यांना वाटल्याचे दिसले नाही.

नकाशा मी रीतसर काढला होता: वर अंड्यांसाठी गवत घातलेली खोकी, खाली निजण्यासाठी आडवा दांडा. परंतु उंचावर बसून रात्र काढण्याचा कोंबडीचा जन्मसिद्ध हक्क कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसल्यामुळे तो माझ्या ध्यानात आला नव्हता. साती जणी खोक्यांत निजल्या आणि सकाळी अंड्यांची जागा विष्ठेने भरून गेली. निमूटपणे मी दांडा वर चढवला, खोकी खाली आणली, आणि दांड्याच्या धारदार कडा रंध्याने गोल केल्या. पायाच्या बोटांची पकड त्यावर नीट बसू लागली, तेव्हा त्यांनी माझ्या कामास मूक मंजुरी दिली.

दुसरा धडा उदमांजराने दिला. वळचणीखाली राहिलेली चार बोटांची फट मी क्षुल्लक मानली होती. त्याने मानली नाही. पहाटे पिसांचा पंचनामा करताना ‘तुमचा बंदोबस्त कागदावरच!’ एवढेच आमच्या घरातून ऐकू आले. त्या दिवशी फट जाळीने बुजवली. उरल्या सहा.

पुढे त्यांतली तांबडी खुडूक झाली. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. सातव्या रात्री एकेक अंडे कंदिलापुढे धरून पाहिले, तो नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या लालसर उजळल्या, आणि दोन निव्वळ रिती निघाली. एकविसाव्या दिवशी कवचाला बारीक टोचा पडला. मी मदतीस हात पुढे केला आणि तांबडीने त्यावर चोच मारली. तिसऱ्यांच्या शिंपा कुटून घालणे, चुलीची राख अंग घोळण्यास पसरणे, एवढीच माझी अधिकारकक्षा असल्याचे तिने स्पष्ट केले.

एक उणीव मात्र आजवर राहिली आहे. दाराच्या वरच्या बिजागरीचा स्क्रू लाकडात धरत नाही, म्हणून दार खाली ओघळते, आणि कडी कोयंड्यात बसवायची तर ते डाव्या हाताने किंचित उचलावे लागते. पटाशी घेऊन मी दोनदा दुरुस्तीस बसलो आणि दोनदा काम तहकूब केले. कारण आपोआप लागणारे दार अंगणातूनच ढकलून मी परतलो असतो. या दारापाशी मात्र रोज तिन्हीसांजेला ओणवे व्हावे लागते, आणि ओणवा झालो की दांड्यावरची अंधूक डोकी मोजल्याखेरीज हात कडीकडे जात नाही.