आईची वही

मला हिशेबाचे पहिल्यापासून वावडे. गेलेला पैसा कुठे गेला याची चौकशी करणे म्हणजे निरोप घेऊन गेलेल्या पाहुण्याच्या मागे धावण्यासारखे! आईचे तसे नव्हते. रात्री सारी निजानीज झाली की ती वही घेऊन बसे. चार आण्यांची कोथिंबीरही तिच्या लेखणीतून सुटत नसे.

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर तिच्या वह्या सापडल्या आणि जळमटे काढायची सोडून मी त्या वाचत बसलो.

"बाबा, आवरताय की वाचताय?" सूनबाईने खालून विचारले.

पानापानांवर तांदूळ, जोंधळे, तूरडाळ आणि रॉकेल. बाबांच्या पगाराचा मोठा भाग वाण्याकडेच जायचा. घर जितके गरीब, तितका पोटावरच्या खर्चाचा वाटा मोठा, असे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 सालीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडेही 1950 पासून राष्ट्रीय नमुना पाहणीची माणसे घरोघर जाऊन हाच जमाखर्च विचारतात. 1999-2000 मध्ये खेड्यातले घर शंभर रुपये खर्च करी, त्यांतले 59 खाण्यावर जात. 2022-23 मध्ये हा आकडा 46 वर आला. नुसत्या धान्याचे 22 होते, ते पाचाच्या आसपास उतरले. त्यात रेशनवरच्या फुकट धान्याचाही हातभार आहे, हे खरे. पण आता धान्यापेक्षा दुधावर अधिक पैसा जातो, आणि तयार खाद्यपदार्थ व पेये यांवर तर दहाच्या घरात! हे वाचून मला बरे वाटले. कणगीची काळजी पुष्कळ घरांतून निघून गेली, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

मग 1982 सालची वही हाती आली. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा घरी बसले. मला ते वर्ष आठवते ते आईच्या उपासांमुळे. एरवी एकादशीपुरती देवाची आठवण ठेवणारी आई सोमवार, गुरुवार, शनिवार धरू लागली होती. "तुझ्या आईच्या पुण्याईवर चाललंय सारं," बाबा म्हणत.

मी वही चाळू लागलो. आदल्या वर्षी एकादशीपूर्वी साबुदाणा, दाणे, रताळी अशी नोंद हटकून आहे. 1982 मध्ये तांदूळ निम्म्यावर आलेले, आणि साबुदाणा? वर्षभरात एकदाही नाही. आठवड्यातून तीन उपास, आणि फराळाचे एक पैचेही नाही!

पाहणीत घरचा खर्च घरातल्या माणसांनी भागतात. आम्ही पाच माणसे. त्या भागाकारात आईच्या वाट्यालाही पाचवा हिस्सा आला असता. भागाकार बिनचूक होता. ताट तेवढे मोकळे होते.

रात्री जेवायला बसलो. सूनबाई सगळ्यांना वाढत होती.

"तुझं पान कुठंय?"

"मी मागाहून बसते, बाबा."

"आधी बस," मी म्हणालो, "आणि जेवता जेवता उद्याची यादी सांग. यापुढे हिशेब मी लिहिणार आहे."