नांगर

‘नांगर’ हा शब्द शेताचाही आहे आणि समुद्राचाही, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. दोन्हीकडे त्याचा गुण रुतण्यात आहे, हे मात्र अंदमानात उमगले.

एका माजी विद्यार्थ्याच्या शिडाच्या नौकेतून आम्ही दोघे सहकारी स्वराज द्वीपाकडे (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) निघालो होतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि वाटेत एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकावा लागला. आमच्यातील एकाची आई साताऱ्यात आजारी. फोनची रेंज गेलेली. ‘निघू या’ असा आमचा हट्ट. वर्गात कधी उलट न बोललेला तो शांतपणे म्हणाला, “सर, आज नाही.”

रात्री त्याने आम्हांला पहाऱ्यावर बसवले. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरायचे. नौका झुलते तशी रेषा मोडते. ती पुन्हा जुळली नाही, तर नांगर घसरतो आहे असे समजायचे. विरहिणीच्या प्रतीक्षेवर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. पण प्रतीक्षा हेही एक जागरूक कर्म असते, हे त्या दिव्यांनी शिकवले.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. बंदरात पोचताच कळले, आईला उतार पडला होता. आमचा हट्ट त्याने मानला असता तर, हा प्रश्न आम्ही एकमेकांना अद्याप विचारलेला नाही.