सापाचा उपवास

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आळेफाटा ओलांडला, की थोड्याच वेळात राजुरी हे गाव लागते. जुन्नर तालुक्यातील हा भाग बागायती. उसाचे हिरवे फड, मधून मधून कांद्याचे वाफे आणि घरांपुढे गाईंचे गोठे. गोठा आला की वैरण आली, वैरणीच्या गंजीत चार दाणे आले, दाण्यांमागून उंदीर आले आणि उंदरांच्या मागावर साप आले. हा क्रम माणसाच्या शेतीइतकाच जुना आहे. म्हणून येथील शेतकऱ्याला साप दिसल्याचे फारसे नवल वाटत नाही. सापाने अन्न नाकारले, तर मात्र त्याला नवल वाटते.

अशा गावातील एक प्रसंग कल्पनेने पाहावा. मार्गशीर्षाचे दिवस आहेत. गोठ्यामागची कडब्याची गंज हलविताना तळाशी दोन हात लांबीची एक कोवळी धामण निघते. घरातील बारा वर्षांचा मुलगा तिच्यावर टोपली पालथी घालतो. मोठी माणसे काठी शोधत असताना तो तिला एका जुन्या रांजणात सोडतो आणि रांजणाच्या तोंडावर चाळण व चाळणीवर वरवंटा ठेवून देतो. हे धाडस कोणी करू नये. धामण आणि नाग यांतील भेद घाईच्या वेळी मोठ्यांनाही कळत नाही, आणि एकदा झालेली चूक पुन्हा सुधारता येत नाही. पण या मुलाचे दैव बलवत्तर, आणि धामण बिनविषारी.

पहिल्या दिवशी तो रांजणात दुधाची वाटी ठेवतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. सकाळी वाटी तशीच असते. दुधावर साय धरलेली. दुसऱ्या दिवशी भाकरीचा कुस्करा, तिसऱ्या दिवशी कोंबडीचे अंडे, चौथ्या दिवशी सापळ्यात मेलेला उंदीर. कशालाही तोंड लागत नाही. आठवा दिवस उजाडतो, तेव्हा मुलाच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नाही.

“आबा, ही काही खातच नाही हो.”

“रुसली असंल, बाळा. रानातलं जनावर ते.”

खेड्यात सापाचे नाव सहसा घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. त्या एका शब्दात भीतीही असते आणि आदरही. परंतु ‘रुसली’ हा शब्द माणसांच्या घरातला आहे. रुसण्यासाठी कोणीतरी समजूत काढील अशी आशा मनात असावी लागते. धामणीला तशी आशा नाही. तिच्या उपवासाची कारणे वेगळी आहेत, आणि ती जाणून घेण्यासाठी प्रथम आपली भूक बाजूला ठेवावी लागते.

माणूस दिवसातून दोनदा जेवतो, कारण त्याच्या शरीरात रात्रंदिवस एक शेगडी पेटलेली असते. बाहेर थंडी असो की ऊन, आपले रक्त सारखेच ऊबदार राहते आणि अन्नाचा मोठा भाग त्या उबेसाठीच खर्ची पडतो. सापाच्या शरीरात अशी शेगडी नाही. तो ऊब घेतो ती उन्हाची, तापलेल्या दगडाची, मातीची. त्यामुळे त्याला अन्न फार थोडे लागते. तेवढ्याच वजनाच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला जितके लागेल, त्याच्या सुमारे दहावा हिस्सा. अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठातील संशोधक मार्शल मॅक्यू यांनी 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही साप 168 दिवस, म्हणजे सुमारे साडेपाच महिने, अन्नावाचून ठेवले होते. उपाशी सापांनी आपल्या शरीराचा खर्च 72 टक्क्यांपर्यंत कमी केला होता. आश्चर्य असे, की त्या उपवासातही काहींची लांबी वाढली! तेव्हा आठ दिवसांचा उपवास हा आपल्या मुलाला जितका भयंकर वाटतो, तितका तो धामणीला वाटत नसतो.

पण भूक कमी असणे वेगळे आणि समोर आलेले अन्न नाकारणे वेगळे. मार्गशीर्षात जुन्नरच्या माळावर रात्री कडाक्याची थंडी पडते. रांजण तर थंडच. उन्हाळ्यात पाणी गार राहावे म्हणूनच तो घडविलेला. त्यात बसलेल्या सापाला ऊन नाही की तापलेला दगड नाही. अंग गार पडले, की त्याची पचनशक्तीही मंदावते. अशा वेळी उंदीर गिळला, तर तो पोटात पचण्याऐवजी कुजू लागेल आणि सापाला तो उलटून टाकावा लागेल. म्हणून थंडीत साप खात नाही. ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो त्याच्या शरीराचा शहाणपणा असतो.

आणखी एक गोष्ट मुलाच्या ध्यानात आलेली असते. पण तिचा अर्थ त्याला लागत नाही. धामणीचे काळेभोर डोळे धुरकट, निळसर पांढरे दिसू लागले आहेत. तिला मोतीबिंदू झाला, असे त्याला वाटते. वास्तविक ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. सापाला आपल्यासारख्या पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, आणि कातेबरोबर तोही निघून येतो. जुनी व नवी त्वचा सुटी होत असताना मध्ये द्रव साठतो व दृष्टी मंद होते. या दिवसांत साप आडोशाला पडून राहतो आणि अन्नाकडे पाहत नाही.

शिवाय वाढलेले ताट त्याच्या ओळखीचे हवे. साप आपली दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढतो ती कोणाला भिवविण्यासाठी नव्हे. हवेतील गंधाचे कण ती टिपते आणि टाळूतील एका इंद्रियापर्यंत पोहोचविते. त्या गंधावरून भक्ष्याची ओळख पटते. भाकरी हे भक्ष्य आहे, असे सापाच्या जिभेने कधीच शिकलेले नसते. प्रत्येक जातीची आवडही निराळी. दिवड बेडूक आणि मासे खातो. मण्यार इतर साप व पाली खाते. आंधळ्या गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्यांची व वाळवीची अंडी-पिल्ले खाऊन राहतो. या शतकाच्या आरंभी वर्धा जिल्ह्यात अंडीखाऊ साप पुन्हा आढळला. कित्येक वर्षे तो दुर्मिळातला दुर्मिळ मानला जात होता. त्याच्यापुढे कितीही उंदीर ठेवले तरी उपयोग नाही. तो पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो.

मादीच्या उपवासाला तर कधी कधी फार मोठे कारण असते. 1841 साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने पंधरा अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून ती बसली. जवळजवळ दोन महिने ती तेथून हलली नाही. पाणी दिले तेव्हा प्यायली, अन्नाला शिवली नाही. पुढे 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अशी मादी आपले स्नायू सारखे थरथरवून ऊब निर्माण करते व अंड्यांना देते. ज्या प्राण्याच्या अंगात शेगडी नाही, तो पिलांसाठी ती पेटवितो, आणि तीही उपाशीपोटी. सापाला थंड काळजाचा म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

इतकी कारणे सांगितली, तरी सर्वांत खोल कारण राहिलेच. ते म्हणजे भीती. सापाला हात नाहीत, पाय नाहीत. आपल्या तोंडाहून मोठा घास तो सबंध गिळतो. घास गिळताना त्याचे तोंड अडकलेले असते. चावता येत नाही. गिळून झाल्यावर पोट फुगते. पळता येत नाही. एखाद्या मुंगसाने वा घारीने गाठले, तर गिळलेले ओकून टाकावे आणि मग जीव घेऊन पळावे, एवढेच त्याच्या हाती उरते. जेवणाची वेळ ही सापाच्या आयुष्यातील सर्वांत असहाय वेळ होय. म्हणून जेथे त्याला सुरक्षित वाटत नाही, तेथे तो जेवत नाही. मुलगा तासातासाने चाळण उचलून आत डोकावतो, मायेनेच डोकावतो. परंतु खालून धामणीला दिसते ती वरून येणारी एक मोठी सावली.

पश्चिम आफ्रिकेत एक लहानसा अजगर आहे. तो घाबरला म्हणजे अंगाचा चेंडू करतो आणि डोके मध्ये लपवितो. युरोप-अमेरिकेत तो पुष्कळ घरांत पाळला जातो. काचेची पेटी, दिव्याची ऊब, ताजे पाणी, सर्व काही त्याला मिळते. तरीही त्याच्या धन्यांची नेहमीची तक्रार हीच, की हा महिनोन्‌महिने खात नाही. अशा वेळी जाणकार सांगतात, की त्याला दडायला एक अंधारी खोबण द्या, पेटीत ऊब नीट आहे का ते पाहा, पाणी ठेवा, आणि काही दिवस त्याच्याकडे जाऊ नका. या उपायांतील शेवटचा सर्वांत कठीण. मात्र साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, तोंडात फेस वा पू दिसला, पाठीचा कणा वर आला, तर तो उपवास नव्हे. तो आजार, आणि मग पशुवैद्याकडे गेलेच पाहिजे. कोंबून भरविणे हा घरचा उपाय नव्हे. त्याने नाजूक अन्ननलिका फाटते.

महाराष्ट्रात सापाला खाऊ घालण्याची हौस सर्वांत अधिक दिसते ती नागपंचमीला. त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाही, घरात चिरणे-कापणे नाही, तवा चुलीवर चढत नाही. नागाला भाऊ मानून बायका वारुळापाशी जातात. या भावनेत केवढी कोवळीक आहे! परंतु तिच्याच आडोशाने क्रौर्यही आले. नागाने दूध प्यावे म्हणून काही गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवीत. तहानेने कासावीस झालेला प्राणी मिळेल तो द्रव पितो; लोक म्हणत, नाग दूध प्याला. ते दूध त्याला पचत नाही, आणि फुप्फुसात गेले तर तो मरतो. कोणी विषदंत उपटीत, तर कोणी तोंडही शिवीत. असा साप खाणार तरी कसा?

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची रीत याहून निराळी होती. तेथे पंचमीपूर्वी नाग पकडून मडक्यांत ठेवीत, पाहुण्यासारखे जपत, आणि सणानंतर पुन्हा रानात सोडून देत. पण पाहुणा स्वखुशीने आलेला नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला, आणि पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. लोक मातीच्या नागाची पूजा करू लागले. मातीच्या नागापुढे ठेवलेल्या दुधाने निदान कोणाचे फुप्फुस तरी भरत नाही.

मांडुळाचे दुर्दैव तर अजून संपलेले नाही. शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून लोकांनी त्याला दुतोंडी ठरविले. आणि तो घरात असला की धन येते, अशी अफवा कोणा लबाडाने उठविली. जितके वजन अधिक, तितकी किंमत अधिक. म्हणून चोरटे त्याला डब्यात कोंडतात व त्याने खूप खावे असे त्यांना वाटते. भुसभुशीत मातीत दडून राहणारा तो प्राणी पत्र्याच्या डब्यात अन्नाकडे वळेलच कसा?

नवव्या दिवशी मुलाची आई गावातील सर्पमित्राला बोलावून आणते. तो चाळण उचलतो, क्षणभर पाहतो आणि पुन्हा झाकून ठेवतो.

“दादा, ही मरेल का?” मुलगा विचारतो.

“भूक तिला इतक्यात मारणार नाही. पण हा रांजण मारील,” सर्पमित्र म्हणतो. “आणि एक सांगतो. रानातला साप घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. तू मुद्दाम त्रास दिला नाहीस, ते दिसतंय. चल, तूच जागा दाखव.”

दुपारच्या उन्हात तिघेजण उसाच्या कडेच्या दगडी बांधाकडे जातात. आबा मागून काठी टेकीत येतात. रांजण आडवा केला, तरी धामण लगेच बाहेर येत नाही. तिचे धुरकट डोळे उजेडाकडे वळलेले. जीभ एकदा, दोनदा बाहेर येते. मग ती सावकाश निघते, तापलेल्या एका दगडावर थोडी थांबते आणि दोन दगडांमधील फटीत शिरते. शेपटीचे टोक दिसेनासे होईपर्यंत मुलगा हलत नाही. वाटीतले दूध त्याने बरोबर आणलेले असते. ते तो घरी परत नेतो आणि मांजराला घालतो.

पाच-सहा दिवसांनी तो पुन्हा बांधावर जातो. धामण दिसत नाही. फटीच्या तोंडाशी, खडबडीत दगडाला अडकलेली, एक अखंड कात वाऱ्याने हलत असते. तो ती हलक्या हाताने सोडवून घरी आणतो. आबा ती उन्हात उंच धरतात. डोळ्यांच्या जागी दोन बारीक, स्वच्छ काचा असतात.