पद्मिनीचे दुखणे

आमच्या घरी एक जुनी पद्मिनी आहे. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी मोटारीविषयी बोलतो आहे. कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटला हे नाव १९७४ साली मिळाले. २०२३ च्या ऑक्टोबरात ती मुंबईच्या टॅक्सीतूनही निवृत्त झाली. आमची मात्र वडिलांच्या हातची, म्हणून घरातच राहिली.

गेल्या वर्षी तिला मी हौसेने नवा रंग दिला, आणि तिची प्रकृती बिघडली. सकाळी सेल्फ कण्हत फिरे. इंजिन सुरू झाले तरी चार्जिंगचा लाल दिवा मंद जळतच राही. पुण्यातल्या एका वर्कशॉपात आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर. खिसा दोनदा हलका झाला. दिवा होता तसाच. शेवटी मी वैतागून सौ.ला म्हणालो, "दिवाळीनंतर विकून टाकू." ती मला काही बोलली नाही.

भाऊबीजेला ताईकडे खुटबावला निघालो. यवतपाशी अंधार पडला आणि गाडीचे दिवे पणतीसारखे मिणमिणू लागले. उसाच्या फडांमधून कसेबसे दारात पोचलो. दाजींनी लगेच गावात ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या वायरमनला बोलावून आणले.

"सायेब, नवं काय घातलं ते ऱ्हाऊ द्या. बिघडायच्या आदी काय केलं हुतं?"

"रंग दिला," मी म्हणालो.

त्याने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. अल्टरनेटरच्या दोन टोकांवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम १२.३.

"वीज तयार हुतीया, पर घरी पोचंना. मधी कुटं गळतीया, तेवढंच बगायचं."

बॅटरीच्या धन टोकापासून अल्टरनेटरपर्यंतची तार निर्दोष निघाली. मग त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनच्या अंगाला लावले. हरवलेले व्होल्ट तिथे सापडले!

इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेले असते. त्यामुळे विजेची परतीची वाट म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची एक जाड पट्टी. तिचा बोल्ट त्याने सोडवला. खाली माझ्या हौसेचा रंग चकाकत होता! रंगातून वीज जात नाही. सेल्फला तर याच वाटेने कितीतरी जास्त वीज लागते, म्हणून तो कण्हत होता. दुखणी दोन, मूळ एकच. आणि ते मीच लावलेले.

त्याने पॉलिशपेपरने लोखंड उघडे केले, पट्टी घासून बोल्ट आवळला. सेल्फ एका दमात फिरला. लाल दिवा विझला. बॅटरीवर १४ व्होल्ट दिसले. पैसे विचारले तर म्हणाला, "पॉलिशपेपरचं काय घ्यायचं? फराळ द्या."

ताईने मला ओवाळले. मग तबक घेऊन ती अंगणात गेली आणि पद्मिनीच्या बोनेटला कुंकू लावून म्हणाली, "बाबांची गाडी विकतोयस म्हणे?"

मी सौ.कडे पाहिले. ती चकलीच्या डब्यात काहीतरी शोधत होती.

"छे! कोण म्हणतं?" मी म्हणालो, आणि तबकात दोघांची ओवाळणी टाकली.