डॉ. कोटणीस, तुमच्या नावाच्या सुया

आदरणीय डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांस,


सोलापूरच्या भैय्या चौकातलं तुमचं घर आता स्मारक झालं आहे. चीनहून शिष्टमंडळं येतात, फुलं वाहतात, दोन देशांच्या मैत्रीवर भाषणं होतात. पण त्या भाषणांत डॉक्टर कोटणीस फार थोडे सापडतात. व्ही. शांताराम यांनी 1946 साली तुमच्यावर चित्रपट काढला, तेव्हापासून तुम्ही आमच्यासाठी एक कहाणी झालात. मला त्या कहाणीमागच्या वैद्याशी बोलायचं आहे.

तुम्ही विशीच्या उंबरठ्यावर होतात तेव्हा स्वातंत्र्यलढ्यात सोलापुरानं मार्शल लॉ सोसला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. अशा गावातला मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर होतो आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, 1938 च्या सप्टेंबरात जपानशी लढणाऱ्या चीनला निघालेल्या वैद्यकीय पथकात नाव देतो, याचं आम्हा सोलापूरकरांना नवल वाटत नाही. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि तुम्ही. पाच जण.

पुढचं काम मात्र नुसत्या धाडसाचं नव्हतं. चीनमध्ये काम करणारे कॅनेडियन शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांना रक्तात विषबाधा होऊन 1939 च्या नोव्हेंबरात मृत्यू आला. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे तुम्ही 1941 च्या जानेवारीत संचालक झालात. 1940 च्या मोठ्या लढाईत तुम्ही सलग 72 तास शस्त्रक्रिया करत राहिलात, हे सगळे सांगतात. त्याहून मला मोठं वाटतं ते हे, की तुम्ही चिनी भाषा शिकून तिथल्या डोंगराळ भागात विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवलंत आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं लिहायला घेतलीत. दुसरं पुस्तक अर्धं राहिलं. 9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी तुम्हाला नेलं, तेव्हा तुम्ही 32 वर्षांचे होतात. तुमच्या पत्नी क्वो छिंगलान यांच्या मांडीवर तुमचा साडेतीन महिन्यांचा मुलगा यिनहुआ होता. तोही पुढे वैद्यकच शिकत होता आणि 1967 मध्ये ऐन तारुण्यात गेला. क्वोताई मात्र 2012 पर्यंत होत्या. इतकी वर्षं त्यांनी तुमचं नाव धरून ठेवलं.

आता जे तुम्हाला कुणी कळवलं नसेल ते सांगतो. तुमच्यानंतर तीनेक वर्षांत चीनमधल्या येनानमध्ये, बेथून यांच्याच नावाच्या दुसऱ्या रुग्णालयात, अ‍ॅक्युपंक्चरचा विभाग सुरू झाला. औषधांचा तुटवडा होता, सुई स्वस्त होती, आणि पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी गावच्या वैद्याकडे शिकायला बसायचं ठरवलं होतं. तुमचे सहकारी विजयकुमार बसू 1943 मध्ये कलकत्त्याला परतले होते. ते 1950 च्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि 1959 पासून कलकत्त्यात रुग्णांना सुया लावू लागले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजलं ते प्रामुख्यानं त्यांच्यामुळे. आणि त्यांनी ते तुमच्या नावानं रुजवलं. तुमच्या स्मृतिसमितीतर्फे अ‍ॅक्युपंक्चरचे दवाखाने निघाले. लुधियान्यात तर तुमच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालयच आहे. तुम्ही स्वतः शल्यविशारद, हाती चाकू घेणारे. तरीही सुईवर तुमचं नाव आलं, ते एका मित्रानं आठवण जपली म्हणून.

चीन ज्याच्याशी लढत होता त्या जपाननंही ही सुई चीनकडूनच घेतली होती, दीड हजार वर्षांमागे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्यानं बारीक नळीतून सुई टोचण्याची रीत तिथे रूढ केली, ती आजही चालते. पुढे मेइजी राजवटीनं ठरवलं, की पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा दिल्याशिवाय डॉक्टरकी नाही. याचा फटका कांपोला, म्हणजे तिथल्या परंपरागत वैद्यकाला, बसला. त्याचे मोठे वैद्य असादा सोहाकू 1894 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी जपानी संसदेनं कांपोवाल्यांची मान्यतेची मागणी फेटाळली. 1976 मध्ये मात्र कांपोची पुष्कळ औषधं राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतली गेली. ज्या देशाच्या सैन्याच्या गोळ्या तुम्ही चिनी जखमांतून काढल्यात, तो आणि तुमचा चीन एकाच वैद्यकाचे वारसदार होते, हे मला फार जड वाटतं. 

सुईनं सगळे रोग जातात असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं मी मानत नाही. काही प्रकारच्या जुनाट दुखण्यात तिचा उपयोग होतो, एवढं म्हणायला अभ्यासाचा आधार आहे. कर्करोगाला किंवा क्षयाला सुई पुरी पडणार नाही, आणि असा दावा करणाऱ्यानं तुमचं नाव लावू नये. महाराष्ट्रानं या उपचाराचा स्वतंत्र कायदा केला आहे, तेव्हा शिक्षित, नोंदणी झालेल्या माणसांकडूनच तो व्हावा.

पण दुखणं म्हटलं की सोलापूर डोळ्यांपुढे येतं. दिवसभर मान खाली घालून सूप मांडीवर घेतलेल्या विडी कामगार बाया, यंत्रमागावर पाळी करणारे विणकर. गुडघा, कंबर, खांदा, मनगट. गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, हाच त्यांचा उपाय. म्हणून माझं महापालिकेकडे आणि इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मागणं आहे, आणि ते तुम्हाला साक्षी ठेवून मांडतो. तुमच्या स्मारकात आठवड्यातून एक दिवस दुखण्याचा मोफत बाह्यरुग्ण विभाग चालावा. तपासणी डॉक्टरांनी करावी, व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवावा, जिथे उपयोग असेल तिथे सुई लावावी आणि गुण आला की नाही याची नोंद वहीत ठेवावी. शिकणाऱ्या मुलामुलींनी त्या दिवशी तिथेच बसावं. तुम्ही ज्यांना शिकवलंत त्यांच्याइतकीच ही मुलं लहान आहेत, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारे रुग्ण समोर असल्यानं तुमच्यासारखी त्यांनाही लोकांची भाषा शिकावी लागेल. दाराशी बसूंचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहावं, एवढी आणखी एक विनंती.

आपला नम्र,
एक सोलापूरकर