वर्गाने ठेवलेलं नाव

शाळेत चिडवायचं नाव पडतं ते बहुधा शरीरावरून. जाड्या, काळ्या, चष्मिस, बोबड्या. कधी आडनाव, गाव, जात किंवा वडिलांचं काम त्याला निमित्त पुरवतं. पहिल्या दिवशी ती निव्वळ थट्टा असू शकते. छळ कशाला म्हणायचं, हे नॉर्वेत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी नेमकं सांगितलं आहे. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि सोसणाऱ्याचं बळ देणाऱ्यापुढे कमी पडतं. चिडवायच्या नावात या तिन्ही गोष्टी आठवड्याभरातही जमून येतात.

पाचवी-सहावीत हे नाव पाठीमागून ऐकू येतं. हजेरीत खरं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून दुसरं कुजबुजलं जातं आणि 'हजर' म्हणताना मुलाचा आवाज चिरकतो. मग कुणीतरी ते कर्कटकाने बाकावर कोरतं. मूल त्यावर पेन गिरवतं, वही ठेवतं, तास संपेपर्यंत कोपर ठेवून बसतं. लाकडातली अक्षरं बुजत नाहीत. मधल्या सुट्टीत डबा एकट्याने खाल्ला जातो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही; घरच्यांनी एवढं एक जरी टिपलं तरी पुष्कळ झालं. शिक्षकांनीच ते नाव घेतलं तर वर्गाला मोकळं रान मिळतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. असं नाव घेणं त्यातच मोडायला हवं.

'लक्ष देऊ नकोस, आपोआप गप्प बसतील,' असं घरी सांगितलं जातं. सल्ला मायेचा असला तरी चुकीचा आहे. ज्याचं बळ आधीच संपलेलं आहे, त्याच्यावरच छळ थांबवण्याचं कामही पडतं.

नाव टिकतं ते वर्गाच्या हसण्यावर. कॅनडात टोरांटोच्या शाळांमधल्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बघ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. पण मुलं मध्ये पडली ती पाचांतून जेमतेम एका प्रसंगात. फिनलंडच्या शाळांतला 'किवा' हा कार्यक्रम या बघ्यांवरच भर देतो. हसू नये, त्या मुलाशेजारी जाऊन बसावं, मोठ्यांना सांगावं, हे तिथे सगळ्या वर्गाला शिकवलं जातं. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा दोघांनाच मुख्याध्यापकांसमोर उभं केलं जातं आणि हसणारा वर्ग तसाच राहतो.

दहावीनंतर शाळा सुटते. कॉलेजात ते नाव कुणाला ठाऊक नसतं, तरी मागे कुणी हसलं की मान वळतेच. ब्रिटनमध्ये १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे अनेक दशकं झाला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्याचं प्रमाण अधिक आढळलं आणि आजारपणात हाक मारावी अशी माणसं त्यांच्याभोवती कमी होती.

पन्नाशीच्या आसपासच शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी जुन्या नावाने हाक मारतं. मारणाऱ्याला ती जवळीक वाटते. ऐकणारा उत्तर देत नाही किंवा ग्रुप सोडतो. तिथेही बाकीचे चाळीस जण वाचत असतात, आणि त्यांतल्या कुणालाही खऱ्या नावाने त्याचं स्वागत करता येतं.